डाव्या कळ्यावरचं बोट

आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, सोयरीक ठरवत नाही, की भावाभावांचं भांडण मिटवत नाही. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. रवळनाथाच्या पाषाणावर दोन ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न सांगायचा आणि थांबायचं. उजवा आधी पडला तर देवाचं हो, डावा आधी पडला तर नाही. कळे लावण्याचं काम आम्हा गुरवांचं. माझ्या बापाने ते केलं, त्याच्यामागे एकेचाळीस वर्षं मी केलं.

बापाने मला मंत्र फारसे शिकवले नाहीत. त्याने हात शिकवला. दोन्ही कळे एकाच झुबक्यातले घ्यायचे, एकाच वेळी एकाच पाण्यात बुडवायचे, दोन्ही अंगठ्यांनी सारखेच दाबायचे. मग तीन पावलं मागे येऊन हात पाठीशी बांधायचे. आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. "तोंड बघलंस काय हात हलता," तो म्हणायचा. "आपलो शब्द देवाच्या तोंडात घालूचो नाय. बाकी आयुष्यात काय चुकात ता चुकांदे."

माझं आयुष्यात पुष्कळ चुकलं. पण एवढं एक मी सांभाळलं होतं. आजूबाजूच्या गावचे लोकही म्हणायचे, दाजी गुरवाचा कौल म्हणजे हात न लागलेला कौल. दुसरं काही अभिमानाने सांगावं असं माझ्याजवळ नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वादळ झालं. मालवणहून सुटलेली एक मासेमारीची होडी त्यात उलटली. होडीवर तिघे होते. एक पोहत किनाऱ्याला लागला, एकाचं प्रेत चौथ्या दिवशी वाळूत मिळालं. तिसरा आमच्या गावातल्या विमलाचा मुलगा मितेश. तो मिळाला नाही. वाचलेला खलाशी एवढंच सांगत होता, की लाटेच्या वर एकदा त्याचं डोकं दिसलं, मग दिसलं नाही.

विमला विधवा. मितेश तिचा एकुलता एक. त्याची बायको गौरजा वैभववाडीकडची, सव्वीस वर्षांची, लग्नाला दोनच वर्षं झालेली. पोलीस आले, होड्या शोधून आल्या, दहा दिवस गेले. मेलेल्याचे दिवस करायचे तर आता करायला हवे होते. जिवंत माणसाचे दिवस केले तर मोठं पाप. म्हणून विमलाचा दीर बाबली, जो गावचा मानकरी आहे, त्याने ठरवलं की देवाला विचारायचं.

कौलाच्या सकाळी मी तळीवरून पाणी घेऊन येत होतो. देवळाच्या पायरीवर गौरजा एकटी उभी होती.

"दाजीनू," ती म्हणाली, "माका खरा काय ता व्हया. कायव असांदे."

"देव देतलो ता खराच असतला," मी म्हटलं, आणि आत गेलो.

सभामंडपात माणसं मावत नव्हती. मी कळे लावले, तीन पावलं मागे आलो. बाबलीने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुझो मितेश दर्यात गेलो तो अजून परत येवक नाय. तो जिवंत आसा तर उजवो दी, नाय तर डावो दी. ह्या घराक काय ता एकदा सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मग सगळे गप्प झाले. विमला माझ्या पायाशी जमिनीला कपाळ टेकून पडली होती. ती कुजबुजत होती, "उजवो... उजवो... उजवो..." एकसारखी. मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हती. पाव तास झाला असेल. डाव्या कळ्याचं देठ पाषाणावरून सुटायला लागलेलं मला दिसलं. एवढी वर्षं बघून कोणता कळा जाणार ते मला आधी कळतं. तो जाणार होता.

तेव्हा मी खाली बघितलं. विमलाच्या हातांची बोटं फरशीवर अशी वळली होती, जशी कोणीतरी तिला मागे ओढतंय आणि ती धरून राहिली आहे.

मी पुढे झालो. समईची वात काजळली होती. ती सारखी करायला म्हणून मी हात घातला, आणि येताना ओलं बोट डाव्या कळ्याच्या देठावर टेकवलं. टेकवलं आणि काढलं. एवढंच. मग परत जागेवर येऊन हात पाठीशी बांधले.

थोड्या वेळाने उजवा पडला.

ढोल वाजला. बायका रडत होत्या, हसत होत्या. विमला उठली, तिने माझेच दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. मी हात काढून घेतले नाहीत. गौरजा खांबाजवळ उभी होती. ती हसली नाही, रडलीही नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

घरी येताना मी मनाची समजूत घातली. म्हातारीला महिनाभर आधार होईल. हळूहळू तिची तीच समजेल. आशा कोणाला मारत नाही.

पहिल्या महिन्यात विमलाने गावभर पेढे वाटले. कुठे कोणी बेवारस माणूस सापडला असं कळलं की बाबली गौरजाला घेऊन जायचा. एकदा गोव्यात गेले, एकदा कारवारला. एका इस्पितळात बोलता न येणारा माणूस होता. गौरजाने त्याच्याकडे बघितलं, नाही म्हटलं आणि दोघं परत आले. तरी विमला विचारत राहिली, "नीट बघलंस मां? दाढी वाढली असतली गो तेची."

होळी झाली, पाऊस आला, गेला. मितेश आला नाही.

माझ्या लक्षात जे आलं नव्हतं ते इथून सुरू झालं. दर्याने माणूस नेला तर दर्याला कोणी कारण विचारत नाही. पण माणूस जिवंत आहे आणि घरी येत नाही, असं म्हटलं की कारण लागतंच. देव खोटं बोलणार नाही. मुलगा आईला विसरणार नाही. मग राहिलं कोण?

आधी कोणीतरी म्हणालं, मितेशसारखा माणूस कोल्हापूरच्या स्टँडवर दिसला. मग कोणीतरी म्हणालं, घरी रोज कटकट होती म्हणे. मग एके दिवशी मी देवळाकडे फुलं घेऊन चाललो होतो तर नळावर हौसाबाईने सगळ्यांदेखत गौरजाला विचारलं, "काय गो, तुझ्या घोवाक तुझ्यापेक्षा दर्योच बरो वाटलो काय गो?"

बायका खिदळल्या. गौरजाने कळशी नळाखालून बाजूला घेतली. "इलो काय विचारतंय हां तेका," ती म्हणाली. "तुमचो निरोपय देतंय."

कोणी हसलं नाही. मी पुढे निघून गेलो. त्या नळापाशी थांबून चार शब्द बोलायचे होते, पण मी पुढे गेलो.

विमलाने गौरजाचा फोन काढून घेतला. मितेशचा फोन येईल, तो दुसऱ्या कोणी घेता कामा नये, म्हणून तो देवघरात ठेवला. गौरजाला माहेरी जायची बंदी. मालवणात एका लॉजच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळत होतं, तेही नको. नवरा दारात आला आणि बायको घरात नाही, असं व्हायला नको. तिने एकदा पोलिसांत जाऊन पुढे काय करायचं ते विचारते म्हटलं, तेव्हा विमला अंगणात येऊन ओरडली होती, "माझ्या झिलाक तू कागदार मारतलंस? देवान जित्तो ठेवलेल्याक?" ते ओरडणं आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

गौरजाचा भाऊ कौस्तुभ एकदा वैभववाडीहून आला होता. अंगणातच उभा राहिला, चहा घेतला. जाताना बहिणीला म्हणाला, "देवान सांगल्यान तो जिवंत आसा. तो येयपर्यंत तुझा घर ह्याच." त्याची मोटारसायकल वळणापलीकडे जाईपर्यंत गौरजा फाटकाशी उभी होती.

मला ही सगळी हकिगत कोणी मुद्दाम सांगितली नाही. लहान गाव आहे. न विचारता कळतं. आणि दर वेळी कळलं की मला माझं उजव्या हाताचं बोट आठवायचं.

चौदा महिने झाले. एका शनिवारी बाबली आमच्या पडवीत येऊन बसला.

"सोमवारी कौल लावूचो आसा, दाजी."

"कसलो?"

"गौरजेमुळे मितेश घराक येणा नाय काय, ता विचारूचा आसा. वयनीन हट धरल्यान."

"आणि उजवो पडलो तर?"

"तर ती त्या घरात रवाची नाय. गावातय नाय." तो तपकिरीची चिमूट काढत म्हणाला. "तिचो भाव काय तिका घेवचो नाय. असल्या बाईक कोण घेता?"

"आणि डावो पडलो तर?"

"तर दुसरा काय ता बघूया. भूतबाधा असात, काय असात." तो उठला. "तू कळे चांगले बघून हाड. तुझ्या हाताक सगळे मानतत."

तो गेल्यावर मी सावित्रीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. बोटासकट. लग्नाला छप्पन्न वर्षं झाली, पण हे तिला तोवर सांगितलं नव्हतं. ती कुळीथ पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

"सोमवारी मी हात साफ ठेवतलंय," मी म्हटलं. "एकदा चुकलंय. परत नाय. काय पडात ता पडात."

"लक्ष्मीच्या वेळेक हात साफ होते मां तुमचे?" तिने विचारलं.

मी सुपातले खडे वेचायला लागलो.

लक्ष्मी देवळात झाडलोट करायची. तीस वर्षं झाली त्याला. देवाची मोठी समई नाहीशी झाली तेव्हा तिच्या नावाने कौल लावला. मी लावला. बापाने शिकवला तसाच, बोटभर इकडचा तिकडे न करता. उजवा पडला. लक्ष्मी दोन मुलांना घेऊन गाव सोडून गेली. तीन वर्षांनी देवळाची विहीर उपसली तेव्हा गाळात समई सापडली. आम्ही ती घासून पुन्हा देवापुढे लावली. लक्ष्मीला शोधायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. माझे हात साफ होते ना.

"हात साफ होते," सावित्री म्हणाली, "मगे तिचा काय झाला?"

त्या दोन दिवसांत मला जे कळलं ते मी आधी चाळीस वर्षांत कळून घ्यायला हवं होतं. मी समजत होतो की मी खरेपणा सांभाळतो. मी फक्त हात सांभाळत होतो. समोरच्या माणसाचं काय होतं ते बघायला लागू नये म्हणून बापाने दिलेला नियम मला सोयीचा पडला होता. आणि एकदा बघितलं ते सुद्धा एकीचंच. विमलाचं बघितलं. मागे खांबाजवळ उभी होती तिचं बघितलं नाही.

सोमवारी सकाळी तीस-चाळीस माणसं जमली. गौरजाला मध्ये उभं केलं होतं. मी कळे हातात घेतले, पण पाण्यात बुडवले नाहीत.

"गाऱ्हाणा घालूच्या आधी माका बोलूचा आसा," मी म्हटलं.

"काय ता बेगीन बोल," बाबली म्हणाला.

"मितेश जिवंत आसा म्हणान जो कौल पडलो, तो देवान देवक नाय. डावो पडी होतो. मी वातीक हात लावूच्या निमतान तेका बोट लावलंय. म्हणान उजवो पडलो."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला, असं सावित्री नंतर म्हणाली. मला वाटलं होतं मी पटकन बोललो.

मग बाबली म्हणाला, "काय बोलतंस ता कळता मां तुका?"

"कळता."

"खोटा!" विमला पुढे आली. "खोटा बोलता ह्यो! ह्या रांडेन काय दिल्यान तुका? सांग सगळ्यांका, काय दिल्यान?"

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याक भुरळ पाडल्यान." दोघे-तिघे हसले. मी कोण ते बघितलं नाही. आवाजावरून ओळखला होता.

"दाजी," बाबली हळू आवाजात म्हणाला, आणि हे मला हसण्यापेक्षा जास्त लागलं, "माझ्या चेडवाच्या सोयरिकीचो कौल तूच लावलेलंस. वायंगणातल्या शेताच्या बांधाचो तूच लावलेलंस. तेचा काय मगे?"

"ते खरे. हात ह्या एकाच कौलाक लागलो."

"कशावरना?"

मी हातातले कळे खाली ठेवले. एकेचाळीस वर्षांचे कौल एका वाक्यात गेले. पुढे गावात तीन जुनी भांडणं पुन्हा उकरली गेली, ती त्या वाक्यामुळे.

माझं काम झालं असं मला वाटलं. पहिला कौलच खोटा, तर दुसरा विचारायची गरजच नाही. पण विमला ऐकेना. "ह्याचो हात नको. दुसऱ्याचो घाला, पण विचारा. आज विचारा." आणि माणसं तर जमली होतीच.

माझा पुतण्या सर्वेश पुढे झाला. मीच शिकवलेला. त्याने ताजे कळे घेतले, एकाच पाण्यात बुडवले, दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबले, तीन पावलं मागे येऊन हात बांधले. त्यात खोट काढायला जागा नव्हती. बाबलीने गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. मी म्हटलं नाही.

उजवा पडला.

"बघा!" विमला म्हणाली. तिचा आवाज आनंदाचा होता. मला तो अजून ऐकू येतो. "देवान सांगल्यान! देवान परत सांगल्यान!"

मी म्हटलं, "देवाक ह्या विचारूचाच नव्हता."

"आता देवाकय शिकवतलंस?" बाबली म्हणाला.

"कळो सुकता तेवा पडता. एक आधी सुकता, एक मागसून. इतकी वर्षां बघतंय मी. विहीर खंय खणूची ता विचारा, पडात तो पडांदे. पण एका बाईक उभी करून तिचा काय करूचा ता फुलाक विचारूचा नाय. ता आपणच ठरवूचा, आणि आपल्या तोंडान सांगूचा."

"भायर हो," बाबली म्हणाला. "परत ह्या पायरेर पाय ठेवू नको."

मी बाहेर आलो. मागून सर्वेश दाराशी आला. त्याच्या हातात माझा पंचा होता. तो त्याने माझ्याकडे दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तासाभराने गौरजाला घराबाहेर काढलं. तिने एका पिशवीत कपडे भरले होते. फोन तिने मागितला, विमलाने दिला नाही. मी वळणावर थांबलो होतो. तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. आम्ही दोघं एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. ती पुढे, मी चार पावलं मागे. वाटेतल्या दोन घरांची दारं आम्ही येताना बंद झाली.

थांब्यावर शेड आहे, आत सिमेंटचा बाक आहे. आम्ही त्याच्या दोन टोकांना बसलो. गाडी यायला वेळ होता.

"गौरजा, माझा चुकला," मी म्हटलं.

"माका ठावक होता," ती म्हणाली.

"काय?"

"मी बघलंय तुमचा बोट. त्याच दिवशी. खांबाकडसून सगळा दिसता."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

ती रस्त्याकडे बघत होती. "तुमका सांगलंय होतंय मां, खरा व्हया म्हणान. पण उजवो पडलो नि ढोल वाजलो, तेवा माका वाटला, एक दीस असांदे. एक दीस तो जिवंत रवांदे. उद्या सांगतंय." तिने पिशवी जवळ ओढली. "मगे उद्या सांगाक गेलंय तर आवशीन पेढे वाटूक घेतल्यान."

"तुका माका माफ करूक—"

"ता आता विचारू नको, दाजीनू," ती म्हणाली. माझ्याशी ती कधी एकेरी बोलली नव्हती. "माफ करूचा काय ता मी अजून ठरवूक नाय. माका लिवून द्या."

"काय लिवान?"

"आज देवळात बोललास ता. भावाक दाखवूक व्हया. तोंडी सांगलंय तर तो कौलाच्या पुढे माझा ऐकूचो नाय."

तिने पिशवीतून मितेश हरवल्याच्या पोलीस तक्रारीची झेरॉक्स काढली आणि पेन दिलं. कागदाची मागची बाजू कोरी होती. मी लिहायला उशिरा शिकलो, सावित्रीच्या बचत गटाच्या वर्गात, त्यामुळे माझं अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली उतरत जाते. मी मांडीवर कागद ठेवून लिहिलं: मितेश जिवंत आहे हा कौल देवाचा नव्हता. डाव्या कळ्याला मी बोट लावलं होतं. गौरजाचा यात काही दोष नाही. खाली सही केली.

तिने वाचलं. "तारीख घाला," ती म्हणाली.

मी तारीख घातली. गाडी आली. ती चढली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिने मागे वळून बघितलं नाही.

कौस्तुभने कागद वाचला, असं मला नंतर कळलं. तो म्हणाला, असलं कोणीही लिहून देईल. त्याने तिला आठ दिवस ठेवली. आता ती मालवणात त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात काम करते आणि आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहते. मितेशच्या कागदपत्रांसाठी कचेरीत जाते. तिथे वेळ लागेल असं सांगतात. एकदा मासळी बाजारात ती मला दिसली, लॉजसाठी मोरी मासा घेत होती. "बरे आसात?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती कोळणीकडे वळली आणि मुडदूस मासे शिळे आहेत म्हणून भांडायला लागली. एवढंच.

देवळाचं काम सर्वेशकडे गेलं. आमच्याकडे येणंजाणं थांबलं. सावित्री नळावर गेली की बायका बाजूला होतात. ती घरी येऊन मला काही सांगत नाही, पण त्या दिवशी भांडी जोरात आपटतात.

गावात मात्र हळूहळू गोष्ट बदलली. देवळात नव्हते त्यांना असं सांगण्यात आलं, की दाजी वयाने भ्रमिष्ट झाला, काहीतरी बरळला. जे होते तेही तसंच म्हणायला लागले. मी बोललो होतो ते वाऱ्यावर गेलं. लिहिलेला एकच कागद, तो गौरजाकडे.

थांब्याच्या शेडमध्ये ग्रामपंचायतीचा फळा आहे. पूर्वी शाळेतले गुरुजी त्यावर रोज सुविचार लिहायचे. ते बदलून गेल्यापासून तो कोराच होता. मी दुकानातून खडूची पेटी आणली. एका सकाळी पहिल्या गाडीच्या आधी जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात तीच तीन वाक्यं लिहिली. खाली माझं नाव आणि तारीख.

दुपारपर्यंत कोणीतरी पुसलं. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. परत पुसलं. बाबलीने माणूस पाठवून दम दिला. ग्रामपंचायतीचा शिपाई येऊन म्हणाला, "दाजीनू, असला लिवक परवानगी लागता." मी म्हटलं, "सुविचार लिवक लागी नव्हती." तो हसला आणि गेला. महिनाभराने पुसणाऱ्यांना कंटाळा आला. कॉलेजला जाणारी पोरं गाडीची वाट बघताना मोठ्याने वाचतात आणि माझी चेष्टा करतात. वाचतात तरी.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी लिहून खडू पेटीत ठेवत होतो. मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. विमला होती. फार वाळली आहे. तिला वाचता येत नाही.

"काय लिवतंस रे रोज?" ती म्हणाली. "लोक सांगतत ता खरा?"

"खरा."

"वाच."

मी वाचलं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. गौरजाचं वाचलं. माझं नाव वाचलं, तारीख वाचली. वाचताना मी फळ्याकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. ओळी मला पाठ होत्या.

मला वाटलं ओरडेल, थुंकेल. तिने ओरडायला हवं होतं.

"हेच्यात मितेशाचा नाव खंय आसा?" तिने विचारलं.

मी बोटाने दाखवलं.

तिने हाताच्या तळव्याने तेवढं नाव पुसलं. नीट पुसलं, एक वेलांटी राहिली होती ती परत पुसली. बाकीच्या अक्षरांना हात लावला नाही. हात लुगड्याला न पुसता तसाच पांढरा घेऊन ती घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं ते नावासकट लिहिलं. खरं ते अर्धं लिहिता येत नाही. ती आली, तिने नाव पुसलं, गेली. आता हे रोजचं झालं आहे. मी लिहितो, ती येते, तेवढा एक शब्द पुसते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. गौरजाचं नाव ती पुसत नाही, आणि तिचा दोष नाही हेही पुसत नाही. ते दिवसभर फळ्यावर राहतं.